ओट्यावरचा मनाई हुकूम

चिकोडीच्या कोर्टात मी उभी हयात वकिली केली, पण माझा एकच मनाई हुकूम लोकांनी तंतोतंत पाळला. तो माझ्याच स्वयंपाकघरावर होता आणि मीच काढलेला होता.

(वकिलाला हुकूम काढता येत नाही, तो न्यायाधीश काढतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हाही ठाऊक होतं. पण माणूस रागावलेला असला, अर्धपोटी असला आणि त्याची बायको माहेरी असली, म्हणजे त्याला कायदा कुठला आठवायला!)

गोष्ट पहिल्या मोठ्या लढाईनंतरची. निपाणीहून बेळगावला मोटार नुकती सुरू झाली होती. म्हणजे निम्मी वाट बसून जायची आणि निम्मी ढकलत. आमचं घर निपाणीत, तंबाखूच्या वखारींच्या मागच्या आळीला. त्या आळीत पोर जन्मतं तेच शिंकत. घरात आम्ही तिघं: मी, माझी बायको इंदू आणि माझी थोरली बहीण आक्का. आक्का तरुणपणीच विधवा होऊन परत आली होती आणि आई गेल्यापासून घराचा व माझा ताबा तिच्याकडंच होता. मी वकील झालो तरी ती मला 'शंकऱ्या' म्हणायची. पक्षकारांसमोरसुद्धा!

इंदू बेळगावजवळच्या मच्छे गावची, शेतकऱ्याची लेक. माणसांशी ती बेतानं बोलायची, पण चुलीशी मात्र तोंडाला खळ नसायचा. आमचं जुनं स्वयंपाकघर म्हणजे अंधारकोठडी होती. खिडकी एकच, तीही मांजरापुरती. धूर आत कोंडून राहायचा. इंदू चुलीपुढं बसून फुंकणीनं फुंकायची, डोळे पुसायची आणि चुलीला शिव्या द्यायची.

"पेट की गं भवाने! रोज रोज पाया पडू व्हय तुझ्या?"

मी पुढच्या सोप्यात पक्षकार घेऊन बसलेला असायचो. भिंतीआडून सगळं ऐकू यायचं. एकदा एका पक्षकारानं घाबरून विचारलं, "साहेब, बाईसाहेब माझ्यावर चिडल्यात का?" म्हटलं, "न्हाय हो, चुलीवर. तुमी बोला." खरं सांगायचं तर मला ते ऐकायला फार आवडायचं. शिव्यांवरून घरात काय शिजतंय तेही कळायचं. भाकरीला साध्या शिव्या, पुरणाला जरा भारीतल्या.

पहिल्या बाळंतपणाला तिला न्यायला मामा, म्हणजे माझे सासरे, आले. मी खाली रस्त्यावर तिची ट्रंक बैलगाडीत चढवली आणि वळलो, तर ती दारात उभी. माझ्या डोळ्यांत सरळ डोळे घालून म्हणाली, "मी परत येईन ते ह्या धुरात बसायला न्हाय. आत्ताच सांगून ठेवते." एवढं बोलली आणि तिचे डोळे भरून आले. तिथं तर धूर नव्हता. माझेही भरले. मामा नाक शिंकरत म्हणाले, "जावईबापू, तुमच्या आळीला तंबाखूचा खकाणा लई हाय हो!"

गाडी गेली आणि घर मुकं झालं. मी चिकोडीहून दमून यायचो, पाय धुवायचो आणि आपोआप कान देऊन उभा राहायचो. आत सगळं शांत. आक्का चुलीला कधी शिव्या देत नसे; ती त्या सगळ्या माझ्यासाठी राखून ठेवायची. दांडीवर इंदूचं एक जुनं लुगडं राहिलं होतं. आक्कानं ते घडी घालून पेटीत ठेवलं, तर मी काढून परत दांडीवर टाकलं.

"वाळून खडखडीत झालंय की रं ते!"

"असू दे. अजून ओल हाय."

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं कोर्टाचे कागद उघडले. उलटेच उघडले होते, हे तिनंच दाखवून दिलं.

मुलगा झाला. बारशाला मी मच्छ्याला गेलो. पोराला जवळून बघितलं आणि बायकोला लांबून. (माहेरच्या बायकांच्या गराड्यात जावयाला बायको लांबूनच दिसते, तीही बसलेली.) निघताना मामांनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, राग मानू नका. पर तान्हं लेकरू मी त्या धुरात धाडणार न्हाय. चूल नवी करा, धूर घालवा आणि निरोप द्या. मी स्वतः आणून सोडतो." म्हणजे बायको आणि पोर घरी येणं हे आता एका चुलीवर अवलंबून होतं. मी म्हटलं, चूल काय, राजवाडा बांधतो!

तिथंच घोटाळ्याला सुरुवात झाली. नुसती चूल बदलली असती तर काम आटोपलं असतं. पण एका दाव्याच्या कामानं मी बेळगावच्या कँपात एका साहेबाच्या बंगल्यावर गेलो होतो आणि तिथं खानसामा उभ्यानं स्वयंपाक करताना बघितला होता. उंच ओटा, वर धुराडं, खानसाम्याचे डोळे कोरडे. माझ्या मनात भरलं. इंदूसाठी असाच ओटा! निपाणीत कुणाच्या घरी नसेल असा! ती येईल, बघेल, आणि तोंडात बोट घालून म्हणेल, "अगं बाई, हे माझ्यासाठी केलंसा?"

आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "उभ्यानं रांधायचं? घोडी हाय व्हय ती?"

"आक्का, जमाना बदलतोय."

"जमान्याच्या भाकरी कोण थापणार हाय?"

मी लक्ष दिलं नाही आणि बाळाप्पा मेस्त्रीला बोलावणं धाडलं. बाळाप्पा म्हणजे निपाणीतलं बडं प्रस्थ. मिशा भरघोस आणि आवाज त्याहून भरघोस. गावातल्या निम्म्या वखारी त्यानं बांधलेल्या. अडचण एवढीच, की वखारीशिवाय त्यानं दुसरं काही बांधलेलंच नव्हतं. त्यानं देवासाठी कोनाडा केला तरी त्यात तंबाखूचं पोतं मावायचं.

बाळाप्पानं स्वयंपाकघर बघितलं आणि सुतळी काढली. "बाईस्नी बोलवा री, वकीलसाहेब. ओटा बाईच्या कोपराच्या मापानं उठतो. आमची रीतच हाय ती. बाई भितीला टेकून उभी ऱ्हाते, मी सुतळी धरतो, गाठ मारतो."

"बाई माहेरी हाय."

"मग आल्यावर बांधू की."

"अरे, ओटा झाल्याबिगर ती येत न्हाय!"

बाळाप्पानं मिशी चावली. "मग असं करा. बाईचं डोस्कं कुठवर येतंय ते दावा. त्येच्यावरनं कोपर मी काढतो."

आक्का पुढं झाली. "त्यात काय दावायचंय? माझ्याएवढीच हाय की ती. झाली तर बोटभर कमीच. घे माझं माप."

मला राग आला! आक्काला दांडीवर धुणं टाकायला काठी लागायची. माझी इंदू आक्काएवढी? छट्! मी डोळे मिटले आणि इंदूला आठवलं. ती दारात उभी होती, डोळ्यांत सरळ डोळे घालून बोलत होती. मला मान इतकीशीसुद्धा वाकवावी लागली नव्हती. मी भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिलो आणि तळहात माझ्या डोळ्यांशी आडवा धरला.

"इथपर्यंत."

"लई उंच बाई हाय की री!" बाळाप्पा म्हणाला.

"हायच मुळी!"

"शंकऱ्या," आक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बायकोला इसरलास व्हय रं?"

"इसरलो? रोज आठवतीया ती मला!"

"तेच म्हणते मी. आठवून आठवून वाढलीया ती."

बाळाप्पानं सुतळीला गाठ मारली आणि काम सुरू झालं. जुनी चूल फुटली. आक्का मागच्या अंगणात तीन दगड मांडून स्वयंपाक करायला लागली. मी कोर्टातून आलो की चुन्याच्या ढिगावरून उडी मारून आत डोकवायचो आणि ओटा आणखी किती वर आला ते बघायचो. तो रोज थोडा वर यायचा आणि तेवढी इंदू जवळ आल्यासारखं वाटायचं.

ओटा झाला. काळ्याभोर फरशीचा, रुंद, वखारीच्या धक्क्यासारखा दणकट. वर धुराडं, एवढं थोरलं, की आत उभं राहिलं तर आभाळ दिसावं. मी ओट्याजवळ उभा राहिलो, आणि काय सांगू, माझ्या कोपराला अगदी बरोबर लागला! मी खूश. मग आक्का उभी राहिली. ओटा तिच्या गळ्याशी आला. ओट्यापलीकडून नुसती मुंडीच दिसत होती.

"आता काय करू?" मुंडी म्हणाली. "भाकरी थापू का हनुवटी भाजू?"

आक्काचं सोडा, पण ओटा माझ्या कोपराला लागतो म्हणजे इंदूसाठीही उंचच झाला, एवढं गणित मला येत होतं. मी बाळाप्पाला धरला. "मी डोळ्याशी हात धरला होता. मग ओटा माझ्याच कोपराला कसा आला?"

बाळाप्पानं घसा साफ केला. "त्याचं काय झालं री, पाणी मोरीकडं वाहाय पायजे. म्हणून खालची जमीन चार बोटं उतरवून घेतली. मागनं."

"म्हणजे आधी ओटा बांधलास आणि मग जमीन खाली नेलीस?"

"वखारीत असंच करतो आमी."

"ही वखार न्हाय, मेस्त्री! हे माझं घर हाय! ओटा पाड आणि नीट बांध!"

"पाडतो की. पर आधी म्हणा, वकीलसाहेबांनी माप चुकीचं दावलं."

"माझं माप बरोबर हाय. तुझी जमीन चुकली."

"माझी जमीन चार बोटं चुकली. आक्का तर हातभर बुडाल्यात! बाकीचं कुणाचं?"

उत्तर नसलं की वकील काय करतो? कागद काढतो. मी टाक घेतला आणि ठळक अक्षरात लिहिलं: 'मनाई हुकूम. वाद मिटेपर्यंत सदर ओटा जैसे थे राहील. कोणीही हात लावू नये.' खाली झोकात सही ठोकली आणि कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. माझा बेत असा, की हुकूम म्हटल्यावर बाळाप्पा टरकेल, हातापाया पडेल आणि संध्याकाळपर्यंत ओटा पाडायला घेईल.

बाळाप्पानं कागद मोठ्यानं वाचून घेतला. (त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मलाच वाचून दाखवावा लागला.) मग तो म्हणाला, "बरं. हात लावू नये म्हणता, न्हाय लावत." त्यानं पिशवीतून ओळंबा काढला, गवंडी भिंत सरळ बघायला दोरीला वजन बांधून सोडतात तो, आणि ओट्यावरच्या तुळईला टांगून ठेवला. मग पिशवी खांद्याला मारून तो निघून गेला.

मला वाटलं, विसरला. आक्कानं कपाळावर हात मारला. "मेल्या, ओळंबा टांगून गेलाय त्यो! आता त्यो स्वतः येऊन काढंपतुर गावातला एकबी गवंडी ह्या कामाला शिवायचा न्हाय. त्यांची रीत हाय ती."

मी तिघांना विचारून बघितलं. पहिला ओळंबा बघून दारातूनच वळला. दुसरा बाळाप्पाचा मेहुणा निघाला. तिसऱ्यानं तर ओळंब्याला हात जोडले! झालं. दाराला माझा कागद, तुळईला त्याचा ओळंबा, आणि मधे तो ओटा. माझा हुकूम मोडून मी स्वतः ओटा पाडायला घ्यावा, तर उद्या बाळाप्पा सगळ्या बाजारात सांगणार, 'वकिलाचा हुकूम वकिलानंच मोडला.' मग चिकोडीत मला कोण वकीलपत्र देणार?

इकडं मोटारवाला मामांचे निरोप आणायचा. "चूल झाली का, विचारलंय." मी म्हणायचो, "होतीया." मग, "पोरगं बसाय लागलं म्हणून सांगितलंय." मग एकदा तो खाली बघत म्हणाला, "बाईंनी स्वतः सांगितलंय. म्हणाल्या, त्यांना इचार, मला न्यायचं हाय का न्हाय."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी सरळ बाळाप्पाच्या कामावर गेलो. तो एका वखारीच्या भिंतीवर बसला होता.

"मेस्त्री, ओळंबा काढ."

"काढतो की री. आधी कागद काढा."

"आधी ओळंबा."

"आधी कागद."

"अरे बाबा, माझं पोरगं बसाय लागलंय!"

"माझी अब्रू झोपलीया, साहेब. तिला कोण बसवणार?" असं म्हणून त्यानं थापीनं चुना मारला, तो निम्मा भिंतीला आणि निम्मा माझ्या कोटाला. मी तसाच परत आलो.

शेवटी हुकूम मोडला तो आक्कानं. भर दुपारी वळीव आला, अंगणातले तीन दगड वाहून गेले, पिठलं सगळं चिखलात. आक्का भडकली. "खड्ड्यात गेला तुझा हुकूम आणि त्येचा ओळंबा!" तिनं तंबाखूचं एक रिकामं खोकं ओढलं, त्यावर चढली आणि नव्या ओट्यावरची चूल पेटवली. सोप्यात मी एका पक्षकाराशी बोलत बसलो होतो. धूर धुराड्यात चढला. वर जाऊन वाऱ्याला भेटला. वाऱ्यानं त्याला जे काय सांगितलं असेल ते ऐकून तो सगळाच्या सगळा परत खाली आला आणि सोप्यात शिरला!

आम्ही तिघं खोकत, डोळे पुसत बाहेर रस्त्यावर. माझ्या डोळ्यांतून धारा. पक्षकार हुंदके देतोय. आक्का तर पदर तोंडाला लावून, "गेलं रं, सगळं गेलं!" (ती पिठल्याबद्दल बोलत होती.) शेजारचे लोक धावत आले. एकानं आमच्याकडं बघून डोक्याची टोपी काढली. दुसऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, "वकीलसाहेब, धीर धरा." मला खोकल्यामुळं बोलता येईना. मी नुसता हात हलवला, तर तो म्हणाला, "किती सोसलं बिचाऱ्यानं!" बघता बघता आळी गोळा झाली. कुणी मला विचारी ना, प्रत्येक जण दुसऱ्याला विचारी, आणि दुसरा कायतरी सांगे. नेमकी त्याच वेळी बेळगावची मोटार कोपऱ्यावर उभी होती. मोटारवाल्यानं लांबूनच बघितलं, हळहळला आणि मोटार घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी आळीला मोटार थांबली. आतून मामा उतरले, कडेवर पोर. त्यांच्यामागं इंदू. मी सोप्यात दाढी करत होतो. ती मोठ्यानं रडत दारात आली. "अहो ऽऽ! मला न भेटताच गेलासा वो ऽऽ!" मी तोंडाला साबण तसाच घेऊन धावलो. ती थबकली. मी थबकलो. इतके महिने जिची वाट बघितली ती समोर उभी होती, आणि तिचं डोकं जेमतेम माझ्या छातीला लागत होतं.

माझ्या तोंडून निघालं, "इंदू! तू बुटकी कशी झालीस गं?"

"आँ?" तिचं रडणं जागच्या जागी बंद. "तुमी मेला न्हवता का?"

"मी? न्हाय की!"

"मग मोटारवाला सांगत आला ते?"

"त्यो धूर होता."

मामांनी पोर आक्काकडं दिलं आणि कपाळाला हात लावून पायरीवर बसले. इंदू मात्र सरळ आत गेली. तिनं दारावरचा कागद बघितला, तुळईचा ओळंबा बघितला आणि शेवटी ओटा बघितला. ओट्यानंही तिला बघितलं असेल, पण वरून. मग ती आक्काला म्हणाली, "त्या मेस्त्रीला बोलवा."

बाळाप्पा आला. इंदूला बघून त्याच्या मिशा एकदम वर झाल्या. "ह्याच का त्या उंच बाई?"

"उंची कुणी दावली?" इंदूनं विचारलं.

"साहेबांनी. डोळ्याशी हात धरून. आक्का सांगत हुत्या, ऐकलं न्हाय."

इंदू माझ्याकडं वळली. कोर्टात मी भल्याभल्यांची उलटतपासणी घेतली होती, पण मला स्वतःला असा घाम कधी फुटला नव्हता. "खरं हाय?"

"अगं, मला तू तशीच आठवत होतीस. जाताना दारात उभी होतीस ना? डोळ्यांत डोळे घालून बोललीस. माझी मान वाकली न्हाय. मग तेवढीच उंच असणार की!"

इंदूनं वळून पुढच्या दाराकडं बघितलं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अहो, मी पायरीवर उभी होते! तुमी खाली रस्त्यावर होता!"

आक्का हसली, मामा हसले, बाळाप्पा हसला. आमच्या मुलानं पण बोळकं पसरलं. मीच तेवढा दाराच्या पायऱ्या बघत उभा होतो. इतके महिने मी एका पायरीवर प्रेम करत होतो! इंदू हसता हसता डोळे पुसायला लागली आणि मला हळूच म्हणाली, "एवढी आठवण काढत होतासा, तर एकदा येऊन बघायचं तरी." गेलो असतो, तर 'चूल झाली का' हेच विचारलं असतं सगळ्यांनी.

मग निकाल लागला. इंदू म्हणाली, "तुमी कागद काढा, तुमी ओळंबा काढा. दोघांनी एकदम. मी तीन म्हणते." आम्ही दोघं घोडे पोरांसारखे उभे राहिलो. तिनं तीन म्हटलं. मी कागद फाडला, त्यानं ओळंबा काढला आणि दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं. मग तिनं सांगितलं, "मेस्त्री, धुराडं वर चढवा, धूर घरात दिसता कामा नये. ती चूक तुमची. आणि ओटा निम्माच खाली घ्यायचा. माझ्यापुरता. आता मी भितीला उभी ऱ्हाते, नीट माप घ्या."

"आणि उरलेला निम्मा?" मी विचारलं.

"त्यो तुमच्या कोपराला लागतोय न्हवं? मग तिथं तुमी उभं ऱ्हायचं. रोज सकाळचा चहा तुमचा."

निकालावर अपील नव्हतं. बाळाप्पानं धुराडं वखारीच्या वर नेलं, त्याला टोपी घातली आणि धूर खरोखर गेला. ओटा दोन उंचीचा झाला. गावातल्या बायका महिनाभर बघायला येत होत्या. वकील चहा करतो, ही बातमी चिकोडीपर्यंत गेली. एकदा न्यायाधीशांनीच विचारलं, "काय वकीलसाहेब, आज उशीर? दूध उतू गेलं का?"

पण खरं सांगू? ते दिवस फार सुखाचे होते. मी उंच बाजूला चहा करायचो, ती खालच्या बाजूला भाकरी थापायची. दावे, भाव, पोराचा खोकला, माहेरची म्हैस, सगळ्या गोष्टी तिथंच व्हायच्या. लाकडं ओली निघाली की ती चुलीला शिव्या द्यायची आणि आता मला त्या भिंतीआडून ऐकाव्या लागत नव्हत्या.

इंदू गेली ती ह्या दुसऱ्या लढाईच्या वर्षांत. तिच्या आधी आक्का गेली होती. घरात माणसं आहेत. मुलगा बेळगावहून येऊन-जाऊन असतो, सूनबाई प्रेमळ आहे. तरी मला इंदूची रोज आठवण येते. सकाळी जास्त. उंच बाजूला चहा ठेवला की मान आपोआप खाली वळते आणि खाली कुणी नसतं. म्हणून मी आताशा चहा तिच्या बाजूला करतो. वाकावं लागतं, कंबर धरते, चूलही लवकर पेटत नाही. मग मीच म्हणतो, "पेट की गं भवाने!" पण ते तिच्यासारखं जमत नाही.

परवा मुलगा म्हणाला, "आप्पा, किती दिवस वाकणार? हा ओटा एकसारखा करून घेऊ." आणि मला न विचारता त्यानं बाळाप्पाला बोलावलं. बाळाप्पा आता पार थकलाय. मिशा पांढऱ्या, हातात काठी. मी दारात आडवा उभा राहिलो.

"मेस्त्री, हात लावायचा न्हाय. ओटा जैसे थे."

"आप्पा, आता कसला हुकूम?" मुलगा वैतागला. "कागद कुठाय?"

कागद कुठला असणार? तो तर मीच फाडलेला. बाळाप्पानं माझ्याकडं बघितलं. मग ओट्याच्या त्या बुटक्या बाजूकडं. पिशवीत हात घातला, जुना ओळंबा काढला, काठी टेकत टेकत गेला आणि इंदूच्या बाजूला तुळईला टांगला. मुलाला म्हणाला, "आता मी येऊन काढंपतुर कोण गवंडी हिकडं फिरकणार न्हाय. आणि माझं काय, मी आता घराभाईर पडत न्हाय बघा." आणि गेला.

ओळंबा अजून तिथंच आहे. ह्या खेपेला मात्र बाळाप्पानं माप कुणाला विचारलं नाही, तरी बरोबर घेतलं. इंदू असती तर ओळंबा तिच्या डोक्यावर वीतभर उंच राहिला असता. माझ्या कपाळावर तो रोज सकाळी टक्कन आपटतो.